लांबच्या विमानप्रवासात आई पाणीच पीत नाही: पाणी, टॉयलेट आणि स्वच्छतेबद्दल अनुभव सांगा

मेधा_पार्ले

माझी आई ७१ वर्षांची. मार्चमध्ये भावाकडे अमेरिकेत नेवार्कला गेली. मुंबईहून थेट विमान, साधारण सोळा तास. भाऊ घ्यायला गेला तेव्हा तिचे ओठ फुटले होते, बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. दुसऱ्या दिवशी लघवीला जळजळ, तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप. युरिन इन्फेक्शन निघालं. नातवाला भेटायला गेलेली बाई पहिला आठवडा अँटिबायोटिक घेत अंथरुणात होती.

भावाने खोदून विचारलं तेव्हा कळलं, अख्ख्या प्रवासात तिने दोन छोटे ग्लास पाणी प्यायलं होतं. जेवणाच्या ट्रेमध्ये पाण्याचा सीलबंद कप येतो ना, तो तिला उघडता आला नाही म्हणून तिने तसाच पर्समध्ये ठेवला. भावाने तो मला व्हिडिओ कॉलवर दाखवला. वरचं फॉइल एका कोपऱ्यात नखाने खरवडलेलं होतं. तो कोपरा बघून मला रडू आलं.

तिचं म्हणणं, "खिडकीजवळची जागा, बाजूला दोघं झोपलेले. सारखं कुणाला उठवायचं? एकदा गेले तर दार कसं उघडतं तेच कळेना. मागे दोघं उभी होती, मग तशीच परत आले. त्यापेक्षा पाणीच नाही प्यायले." एकदा तिने पाणी मागितलंही होतं. "आणते" म्हणून गेलेली मुलगी परत आलीच नाही आणि पुन्हा मागायचा आईला संकोच वाटला.

दिवाळीनंतर ती पुन्हा जाणार आहे, या वेळीही एकटीच. मला जाणून घ्यायचंय की रिकामी बाटली नेता येते का, विमानातलं पाणी कितपत चांगलं असतं आणि टॉयलेटची भीती कशी घालवायची. आणि आपल्यापैकी किती जणांच्या आया असं करतात, तेही सांगा.

गिरगावचा_जावई

आमच्या सासूबाईही तेच करतात. विमानाच्या आदल्या रात्रीपासूनच पाणी कमी. विचारलं तर म्हणतात, एसटीने कोकणात जायचो तेव्हापासूनची सवय आहे.

चर्चगेट_फास्ट

मेधाताई, वरच्या प्रतिसादातच खरं कारण आहे. मी ५४ वर्षांची आहे. तीस वर्षं विरार ते चर्चगेट प्रवास केला. घरातून निघताना पाणी प्यायचं नाही, ऑफिसला पोचल्यावरच प्यायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आईचं बघून मी शिकले, माझं बघून मुलगी शिकली. स्टेशनवर बायकांची मुतारी एक तर नसायची, असली तर कुलूप किंवा पैसे, आणि आत पाय ठेववत नसे. २०११ मध्ये मुंबईत बायकांच्या मुताऱ्यांसाठी ‘राइट टू पी’ची मोहीम उभी राहिली ती यासाठीच.

तेव्हा तुमच्या आईला विमानाची भीती वाटते असं मला वाटत नाही. पन्नास वर्षं शरीराला गप्प बसवलंय, तेच ती विमानात करते. फरक इतकाच की लोकल दीड तासाची असते आणि हे सोळा तास.

नभा_डोंबिवली

मी अकरा वर्षं केबिन क्रूमध्ये होते, आता सोडलंय. जी मुलगी पाणी आणते म्हणून परत आली नाही, तिच्या वतीने मलाच वाईट वाटतंय. असं होतं. दोनशे-तीनशे माणसं, त्यात कुणाला चक्कर, कुणाचं बाळ रडतंय. पण कारण काहीही असो, ७१ वर्षांच्या बाईला पाणी न मिळणं ही चूकच आहे.

रिकामी बाटली बिनधास्त न्या. आंतरराष्ट्रीय विमानाला सुरक्षा तपासणीत १०० मिलीच्या वर द्रव चालत नाही, रिकाम्या बाटलीला मात्र कुणी अडवत नाही. तपासणीनंतर आत पिण्याच्या पाण्याचे नळ असतात, तिथे भरा. अमेरिकेच्या विमानाला कधी कधी गेटपाशी पुन्हा तपासणी होते आणि तिथे भरलेली बाटली ओतून टाकायला लावतात. तसं झालं तर वाईट वाटून घेऊ नका, बाटली तेवढी सोडू नका. विमानात बसल्यावर गॅलीत, म्हणजे जिथे आमच्या ट्रॉल्या असतात तिथे, बाटली पुढे करायची आणि "भरून द्या" म्हणायचं. आमच्याकडे मोठ्या सीलबंद बाटल्या असतात, त्यातून भरून मिळते. ग्लास मागितला तर दोन घोट मिळतात आणि पुन्हा मागावं लागतं. बाटली दिली की तीन-चार तास कुणाला काही विचारायला नको. संकोची माणसाला बाटलीच बरी.

दिवे मंद केल्यावर क्रूला त्रास नको म्हणून माणसं हाक मारत नाहीत. पण त्या वेळी आम्हाला सगळ्यात जास्त सवड असते. डोक्यावर माणसाचं चित्र असलेलं बटण आहे, तेच दाबायचं. आणि आईंना आईल सीटच, म्हणजे चालायच्या वाटेलगतची जागाच घ्या, थोडे जास्त पैसे पडले तरी.

टॉयलेटचं दार दोन प्रकारचं असतं. एकाला हँडल असतं. दुसरं मधोमध दुमडतं, त्याला बरोबर मध्यभागी आत ढकलायचं. तिथेच बहुतेक ज्येष्ठ माणसं अडतात, कारण ती हँडल शोधत असतात. आत गेल्यावर कडी पूर्ण सरकवली की दिवा नीट पेटतो. अंधार दिसला तर घाबरायचं नाही, कडी अर्धवट लागलेली असते इतकंच. फ्लशचा आवाज खूप मोठा येतो. आधी झाकण पाडायचं आणि मग बटण दाबायचं.

जायची वेळही सांगते. जेवणाची गाडी येण्याआधी जावं, ट्रे उचलल्यानंतर रांग लागते. आणि उतरायला तासभर असताना सगळं विमान उठतं, तेव्हा आतली अवस्था बघवत नाही.

मुलुंडचा_डॉक्टर

आईंना झालं ते अगदी नेहमीचं आहे. लघवी तासन्‌तास धरून ठेवली आणि वरून पाणी कमी प्यायलं की मूत्राशयात जंतूंना वाढायला वेळ मिळतो. पाळी गेल्यानंतरच्या वयात तर हे फार लवकर होतं.

विमानातली हवा कोरडी असते, आर्द्रता १० ते २० टक्के. आपण मुंबईकर सत्तर-ऐंशी टक्क्यांत वाढलेलो, म्हणून डोळे, नाक, घसा लगेच जाणवतात. पण नुसत्या कोरड्या हवेने शरीरातलं पाणी झपाट्याने जातं असं नाही. त्रास होतो तो माणसं पीतच नाहीत म्हणून. दुसरी गोष्ट दाबाची. केबिनमध्ये हवेचा दाब जास्तीत जास्त २४०० मीटर म्हणजे ८००० फूट उंचीवर असावा इतका ठेवतात, काही नव्या विमानांत ६००० फुटांचा. आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे. म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या माणूस कळसूबाईच्याही वर असतो. पोटात वायू धरतो तो त्यामुळेच. पायांवरची सूज मात्र तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसल्याची.

रक्ताच्या गुठळ्यांबद्दल इथे कुणीतरी विचारेलच. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये निष्कर्ष मांडले होते. चार तासांहून जास्त बसून प्रवास केला की धोका साधारण दुप्पट होतो, तरी तो सहा हजारांत एकाच्या आसपास असतो. कारण हालचाल नसणं. पाणी पिऊन गुठळी टळते असं मी म्हणणार नाही. पण पाणी पिणारा माणूस उठतो, चालतो, आणि पायांना तेच हवं असतं.

किती प्यावं? जागं असताना दर तासाला अर्धा-पाऊण ग्लास, घोट घोट. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापातच राहावं. आणि आई लघवीची गोळी घेत असतील तर त्या दिवशी ती किती वाजता घ्यायची हे निघण्याआधी विचारा, आपल्या मनाने बंद करू नका.

रॅम्पवरचा_माणूस

मी नऊ वर्षं मुंबई विमानतळावर खाली रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात तिथे, काम केलं. पाण्याबद्दल सगळे वरचं बोलतायत, मी खालचं सांगतो.

विमानाच्या पोटाला झाकण असतं. ते उघडून पाण्याच्या गाडीचा पाइप जोडतात आणि टाकी भरतात. संडास उपसायची गाडी वेगळी, तिचं झाकण वेगळं, माणूसही वेगळा. ज्याचा हात संडासाच्या पाइपला लागला त्याने त्या पाळीत पाण्याच्या पाइपला शिवायचं नाही, दोन्ही गाड्या शेजारी उभ्याही करायच्या नाहीत. मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं. पाइपच्या तोंडाला टोपी असते, ते जमिनीला टेकता कामा नये. पावसाळ्यात रॅम्पवर पाणी साचलेलं असताना पाइप खांद्यावर घेऊन उभं राहायचं. हात भरून यायचा, पण खाली ठेवला तर सुपरवायझर सगळं पहिल्यापासून धुवायला लावायचा. तो बरोबर होता.

धरणातून आणि शुद्धीकरण केंद्रातून पाणी चांगलंच येतं. बिघडलं तर शेवटच्या पन्नास फुटांत बिघडतं, म्हणजे गाडीची टाकी, पाइप, त्याचं तोंड आणि विमानाची टाकी. शिवाय विमान आज मुंबईत भरलं, उद्या तिसऱ्याच देशात. प्रत्येक ठिकाणचं पाणी त्याच टाकीत मिसळतं.

टाकी दर वेळी काठोकाठ भरत नाहीत. लिटरला किलो वजन, म्हणून प्रवासाच्या हिशेबाने भरतात. म्हणून नळ वाहता ठेवू नका. बेसिनचं पाणी गरम केलेल्या नळीतून थेट बाहेर हवेत जातं, संडासाचं मात्र टाकीतच राहतं आणि उतरल्यावर आम्ही उपसतो. मैला वरून खाली टाकतात हे खोटं आहे. आणि फ्लशचा तो जो आवाज येतो तो ओढण्याचा. उंचावर बाहेर दाब कमी असतो, झडप उघडली की सगळं आपोआप ओढलं जातं. सोळा हजार फुटांच्या खाली असताना त्याला मोटर लागते. कृपा करून त्यात टिश्यूचे गोळे, डायपर, पॅड टाकू नका. एक तुंबलं की सोळा तास ते बंद, आणि रांग उरलेल्यांवर.

अंधेरी_ईस्ट

म्हणजे चहा-कॉफीही त्याच टाकीच्या पाण्याची ना? मग मी तर घेणार नाही. अमेरिकेत तपासलं तेव्हा विमानांच्या पाण्यात जंतू सापडले होते असं वाचलंय.

मुलुंडचा_डॉक्टर

बरोबर वाचलंय. २००४ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने ३२७ विमानांचं पाणी तपासलं, त्यातल्या सुमारे १५ टक्के विमानांत कोलिफॉर्म नावाचे जंतू मिळाले. त्यावरूनच २००९ मध्ये तिथे विमानातल्या पिण्याच्या पाण्याचा वेगळा नियम झाला आणि २०११ पासून नमुने तपासणं, टाक्या जंतुनाशकाने धुणं सक्तीचं झालं. कोलिफॉर्म सापडले म्हणजे प्यायलेला प्रत्येक जण आजारी पडला असं नाही. पाण्यात काहीतरी शिरायला वाट आहे, ही त्याची खूण.

चहाबद्दल माझं मत वेगळं आहे. ७० अंशांच्या वर काही मिनिटं राहिलेल्या पाण्यात पोट बिघडवणारे बहुतेक जंतू मरतात. वाफाळता चहा असेल तर धडधाकट माणसाने प्यायला हरकत नाही. कोमट मिळाला तर परत करावा. केमो चालू असलेले, अवयव बदललेले, गरोदर बायका यांनी सीलबंद पाण्यावरच राहावं.

अंधेरी_ईस्ट

पटलं, पण मी तरी सीलबंदच पिईन. मनाचं समाधान.

नभा_डोंबिवली

त्यात काही चूक नाही. टॉयलेटच्या नळाचं पाणी मात्र कुणीच पिऊ नये. त्यावर तसं चित्रही असतं, ग्लासवर काट मारलेली.

तनयाची_आई

माझं बाळ पाच महिन्यांचं आहे, फ्रँकफर्टला जातोय. पावडरच्या दुधाला गॅलीतलं गरम पाणी घेतलं तर चालेल?

मुलुंडचा_डॉक्टर

पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी ७० अंशांच्या खाली नको. उत्तम म्हणजे घरून उकळलेलं पाणी चांगल्या थर्मासमध्ये न्या. बाळाच्या गरजेपुरतं पाणी आणि दूध १०० मिलीच्या नियमातून वगळलेलं असतं, तपासणीला वेगळं काढून दाखवा. ते संपलं तर सीलबंद बाटलीतलं पाणी गॅलीत कडकडीत गरम करून मागा. दूध गार करून मनगटावर थेंब टाकून बघा, उरलेलं ठेवू नका.

सॅन_होजे_सातारकर

वर्षातून दोनदा ये-जा करतो. आपल्या लोकांची खरी अडचण कुणी स्पष्ट लिहीत नाही म्हणून लिहितो. बहुतेक विमानांच्या टॉयलेटमध्ये धुवायला पाण्याचा जेट नसतो आणि कागदावर आपलं भागत नाही. माझी आई त्यामुळे सोळा तास पोट आवळून बसायची. मी तिला पिचकारीसारखं तोंड असलेली अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली घेऊन दिली. बेसिनवर भरायची, वापरायची, आणि जागा टिश्यूने कोरडी करून बाहेर यायचं. ही बाटली लाल, पिण्याची स्टीलची. कधी अदलाबदल होणार नाही.

साडीचंही सांगतो. आईने दोन प्रवास साडीत केले आणि दोन्ही वेळा पदर ओल्या जमिनीला लागला. आता सलवार-कमीज घालते, साडी उतरायच्या आधीही नाही, घरी जाऊनच नेसते. आणि टॉयलेटमध्ये अनवाणी किंवा मोजे घालून कधीच जाऊ नये. आपल्याला चपला बाहेर काढायची सवय. पण तिथल्या जमिनीवरचं ओलं सगळंच पाणी नसतं.

लोअर_परळ_नाइट

हवेतून पसरणाऱ्याचं काय? एकाच एसीत सगळे.

मुलुंडचा_डॉक्टर

मोठ्या विमानांत हवा हेपा फिल्टरमधून जाते, तो ९९.९७ टक्के सूक्ष्म कण अडवतो, आणि केबिनची हवा तासाला वीस-तीसदा बदलते. धोका शेजारच्या खोकणाऱ्याचा. टीबीचा रुग्ण आठ तासांहून लांबच्या विमानात होता असं कळलं तर त्याची रांग आणि पुढच्या-मागच्या दोन-दोन रांगा शोधतात, त्यावरून अंदाज घ्या. हाताचं जास्त बघा. ट्रे पुसा. सॅनिटायझर चांगला, पण उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही, तिथे साबण-पाणीच.

सुनंदा_दादर

मी ६८ वर्षांची, तुमच्या आयांपैकीच एक. सगळं वाचलं. तुम्ही मुलं मनापासून लिहिताय, म्हणून मीही लिहिते.

मला कवळी आहे. पहिल्या प्रवासात ती मी टॉयलेटच्या नळाखाली धुतली आणि तोंडात घातली, कारण घरी तेच करते. ते पाणी पिण्याचं नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. आता छोटी डबी आणि बाटलीतलं पाणी नेते. दात घासायला, गुळण्या करायलाही तेच.

दुसरं, आम्ही मागत का नाही. व्हीलचेअर घेतली की माणूस सामान होतो. मला एकदा गेटपाशी पाऊण तास खुर्चीत बसवून ठेवलं होतं. समोर वीस पावलांवर टॉयलेट दिसत होतं. मला चालता येतं, व्हीलचेअर फक्त लांबच्या चालण्यासाठी घेतलेली. पण उठले तर खुर्ची ढकलणारा मुलगा येऊन मला शोधेल, विमान चुकेल, या भीतीने उठले नाही. त्याने जाताना एकदा विचारलं असतं, "आजी, जाऊन यायचंय का?" तर पुरे होतं. मेधा, आईला सांग, व्हीलचेअरवाला भेटला की पहिलं वाक्य हेच बोलायचं, आधी टॉयलेटला ने, मग पाण्याच्या नळाकडे, मग गेटला. मी आता असंच करते. एकानेही नाही म्हटलेलं नाही.

मेधा_पार्ले

सुनंदाकाकू, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मलाही असंच बसवलं होतं." मार्चपासून हे तिने आम्हाला सांगितलं नव्हतं.

गेले दोन आठवडे आमच्याकडे तयारी चाललीय. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूमला दुमडणारं पीव्हीसीचं दार आहे. आई रोज दुपारी जाऊन ते मधोमध ढकलून उघडते, आत जाऊन कडी लावते, बाहेर येते. पहिल्या दिवशी हसू आलं दोघींना, आता हात बसलाय. पाण्याचा कप उघडायच्या सरावासाठी दह्याचे कप आणले. तिच्या बोटांत संधिवात आहे, फॉइलचं टोक चिमटीत धरवत नाही. शेवटी चमच्याच्या मागच्या बाजूने मधोमध भोक पाडायचं ठरलं. ते जमतं.

आईल सीट घेतली. स्टीलची बाटली, लाल बाटली, कवळी नाही पण डोळ्यांचे थेंब. डॉक्टरांनी बीपीची गोळी कधी घ्यायची ते लिहून दिलंय. आणि एक चिठ्ठी इंग्रजीत मोठ्या अक्षरांत केलीय, एका बाजूला "कृपया ही बाटली पिण्याच्या पाण्याने भरून द्या", दुसऱ्या बाजूला "मला टॉयलेटपर्यंत सोबत हवी आहे". प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात.

मेधा_पार्ले

आई पोचली. परवा रात्री निघाली.

गेटपाशी बाटली ओतायला लावलीच. नभाताईंनी आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून ती गडबडली नाही. रिकामी बाटली उराशी धरून विमानात चढली. आत चार वेळा भरून घेतली, पाच वेळा टॉयलेटला गेली. एकदा साबण संपलेला होता, तेही तिने क्रूच्या मुलीला सांगितलं, आणि मुलीने लगेच बदलला. भाऊ म्हणतो, ओठ ठीक आहेत, चेहरा ताजा आहे, आल्या आल्या भांडी घासायला निघाली होती.

चिठ्ठी मात्र परत आली नाही. शेजारी कराडच्या एक बाई होत्या, पहिल्यांदाच निघालेल्या, मुलीच्या बाळंतपणाला. सहा तास झाले तरी त्यांनी पाणी घेतलं नाही हे आईच्या लक्षात आलं. आईने त्यांना सोबत नेलं, दार कुठे ढकलायचं ते दाखवलं. पुढे त्यांचं दुसरं विमान होतं, एकटीनेच जायचं होतं, म्हणून उतरताना चिठ्ठी त्यांना देऊन टाकली.

आज सकाळी आईचा मेसेज आलाय, "तशीच अजून एक लिहून फोटो पाठव. इथे दादा छापून देईल. परतीला लागेल."